टी.व्ही. मोठा, पण चित्र पुसट का?

कापूस विकून हातात चार पैसे आले की आपल्या भागातील पुष्कळ घरांत एखादी मोठी वस्तू घ्यायचे ठरते. अलीकडे त्यात मोठ्या पडद्याच्या टी.व्ही.चा नंबर वर लागतो. तो घरी येऊन भिंतीवर लागला की आठ-पंधरा दिवसांत एक तक्रार हमखास ऐकू येते : “दुकानात चित्र आरशासारखे स्वच्छ होते. घरी आणले तर माणसांची तोंडे धुरकट. यापेक्षा आपला जुना डबा बरा होता!” पालक सभेच्या वेळी ही तक्रार आमच्यापर्यंत इतक्या वेळा आली की या अंकात तिच्यावरच लिहावे असे आम्ही ठरवले. शिवाय वर्गासाठी मोठा टी.व्ही. घ्यावा का, आणि घेतलाच तर केवढा, हा विषय विश्वस्त मंडळापुढे आहेच.

प्रथम हे सांगू, की बहुतेक वेळा दुकानदाराने फसवलेले नसते आणि संचही बिघडलेला नसतो. दुकानात टी.व्ही.ला पेन ड्राइव्ह लावलेला असतो आणि त्यात त्या टी.व्ही.साठीच मुद्दाम काढलेली दृश्ये असतात : फुले, पक्षी, बर्फाचे डोंगर. घरी त्याच टी.व्ही.ला छतावरच्या छत्रीतून येणारी साधी वाहिनी जोडली जाते. संच तोच, पण त्याला मिळणारे चित्र निराळे. टी.व्ही.च्या खोक्यावर जो मोठा आकडा छापलेला असतो तो पडद्याचा असतो, चित्राचा नव्हे. सारा घोटाळा इथे आहे.

आपल्या मुलींना हे लगेच समजेल, कारण त्या ठिपक्यांची रांगोळी काढतात. दहा ठिपक्यांच्या रांगोळीत मोर काढायचा तर कसाबसा मोर वाटेल असा आकार निघतो. चाळीस ठिपके मांडले तर पिसाऱ्यातला एकेक डोळा दाखवता येतो. टी.व्ही.चे चित्रही असेच आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या ठिपक्यांचे असते. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात आणि एकूण किती ठिपके आहेत यास रेझोल्यूशन. आता कल्पना करा, की कोणी दहा ठिपक्यांचा मोर काढून दिला आणि तोच मोठ्या अंगणात चाळीस ठिपक्यांवर उतरवायला सांगितला. मोर मोठा होईल, पण पिसाऱ्यातले डोळे कुठून आणणार? ते मूळ रांगोळीत नव्हतेच. काढणारी फार तर अंदाजाने भर घालील. नवा टी.व्ही. रात्रंदिवस हेच काम करत असतो.

आता हिशेब करू. भारतात दूरदर्शन १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले, आणि १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी, रंगीत झाले. आपल्याकडे स्वीकारलेल्या पद्धतीत चित्र ६२५ आडव्या रेषांचे असे. त्यांतल्या ५७६ रेषा प्रत्यक्ष चित्राच्या. उरलेल्या संचाला ताळ्यावर ठेवण्यासाठी. ही पद्धत संगणकाच्या भाषेत आली तेव्हा ५७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत ७२० ठिपके, असे माप ठरले. यालाच एस.डी. म्हणजे साधे चित्र म्हणतात. डी.व्ही.डी.चे मापही तेच. त्यापूर्वीच्या व्ही.सी.डी.चे मात्र फक्त ३५२ बाय २८८. फुल एच.डी. म्हणजे १९२० बाय १०८०, आणि ज्याला ४के म्हणतात तो टी.व्ही. ३८४० बाय २१६० ठिपक्यांचा.

पाचवी-सहावीच्या मुलांनी हे गुणाकार स्वतः करून पाहावेत. एस.डी. चित्रात ४,१४,७२० ठिपके येतात, फुल एच.डी.त २०,७३,६००, आणि ४के पडद्यावर ८२,९४,४००. गंमत अशी की भागाकार बरोबर सुटतो : फुल एच.डी. एस.डी.च्या नेमका पाचपट आणि ४के वीसपट. म्हणजे ४के टी.व्ही.वर साधी वाहिनी लावली तर वीस ठिपक्यांमागे एकाच ठिपक्याची माहिती बाहेरून आलेली असते आणि उरलेल्या एकोणीस ठिपक्यांचा रंग टी.व्ही. शेजारपाजार पाहून ठरवतो. व्ही.सी.डी. लावली तर एका खऱ्या ठिपक्यामागे ऐंशीहून अधिक ठिपके अंदाजाचे! चित्र धुरकट दिसते यात नवल नाही. इतके बरे दिसते याचेच नवल.

हा अंदाज कुठे चुकतो हे पाहायला आपल्या देवनागरीसारखे उत्तम साधन नाही. ‘घन’ आणि ‘धन’ हे शब्द घ्या, किंवा ‘मार’ आणि ‘भार’. ‘ध’ आणि ‘भ’ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते आणि तिथे एक छोटी गाठ असते. बाकी ठेवण ‘घ’ आणि ‘म’ यांच्याजवळची. चित्रपटाच्या श्रेयनामावलीतले अक्षर पडद्याच्या उंचीच्या तिसाव्या भागाएवढे धरले, तर व्ही.सी.डी.त त्याला उंचीला नऊ-दहा ठिपके मिळतात, डी.व्ही.डी.त एकोणीस, फुल एच.डी.त छत्तीस. नऊ-दहा ठिपक्यांत शिरोरेषेतली फट जेमतेम एका ठिपक्याची, आणि तो ठिपका शेजारच्या रंगात मिसळला की ‘धन’चे ‘घन’ झाले. पुढे ते अक्षर कितीही मोठ्या पडद्यावर मोठे करा, फट परत येत नाही. हल्लीचे टी.व्ही. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र सुधारतो असे सांगतात. कडा रेखीव करण्याचे काम ते खरोखर चांगले करतात. पण तिथे ‘घ’ होता की ‘ध’, हे त्यांनाही माहीत नसते. ते एक बाजू धरतात, एवढेच.

विद्यार्थ्यांनी हा प्रयोग चौकटीच्या वहीत करावा. पेन्सिलीने एक मोठा ‘भ’ काढा. त्यावर आठ बाय आठ चौकटी आखा आणि ज्या चौकटीत अर्ध्याहून अधिक भागावर अक्षराची रेघ आहे ती पूर्ण काळी करा, बाकीच्या कोऱ्या सोडा. मग तेच अक्षर सोळा बाय सोळा चौकटींत करा. दोन्ही कागद न सांगता घरच्यांना दाखवा आणि कोणते अक्षर आहे ते विचारा. जोडाक्षरांवर हा प्रयोग आणखी रंगतो. ‘क्ष’ आणि ‘ष्ट्र’ करून पाहाच.

मग जुन्या डब्यावर तेच चित्र चांगले का दिसत होते? त्याची कारणे खरी आहेत; लोकांना नुसताच भास होतो असे नाही. पहिले कारण म्हणजे तो पडदा २१ इंचांचा असे आणि आपण तेवढ्याच अंतरावर बसत असू, त्यामुळे उणिवाही लहान दिसत. दुसरे, जुन्या काचेच्या नळीच्या संचात आजच्यासारखे चौकोनी ठिपके ठरलेले नव्हते. आतून येणारा इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ रेखत जाई आणि त्या ओळींच्या कडा मऊ असत. चित्रातला खडबडीतपणा आपोआप झाकला जाई. तिसरे कारण जरा बारकाईचे आहे. दूरदर्शनचे चित्र सेकंदाला २५ वेळा येई, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत : आधी विषम क्रमांकाच्या रेषा, मग सम. जुना संच त्याच पद्धतीने रेषा काढी. सपाट पडद्याला मात्र सगळे चित्र एकदम दाखवावे लागते, म्हणून त्याला दोन्ही हप्ते आधी जुळवावे लागतात. मधल्या काळात खेळाडू धावत पुढे गेलेला असला की त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळ घरांत दिसते. जुने कार्यक्रम ४:३ या प्रमाणात काढलेले आहेत, १९८७ साली सुरू झालेली ‘रामायण’ मालिकाही त्याच प्रमाणातली. आजचा पडदा १६:९ आहे. पडदा भरून दिसावा म्हणून चित्र आडवे ताणले की प्रत्येक माणूस तिसऱ्या हिश्श्याने रुंद होतो. देवादिकांनाही त्यातून सुटका नाही! रिमोटवर चित्राच्या आकाराचे बटण असते, ते ४:३ वर ठेवावे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात त्या राहू द्याव्यात. पैसे वाया गेले असे समजू नये.

ठिपक्यांची संख्या ही निम्मी गोष्ट झाली. उरलेली निम्मी म्हणजे चित्र किती दाबून पाठवले आहे. उपग्रहावरून एका वाटेने अनेक वाहिन्या पाठवायच्या असतात. एका नळाला दहा तोंडे लावली की प्रत्येकाला धार बारीक मिळते, तसे प्रत्येक वाहिनीच्या वाट्याला थोडी जागा येते. त्या जागेत मावावे म्हणून चित्रातला बारीक तपशील काढून टाकतात. कित्येकदा ओळीतले ठिपकेही ७२०पेक्षा कमी ठेवतात. बातम्या देणारी व्यक्ती शांत बसलेली असते तेव्हा हे जाणवत नाही, कारण दोन चित्रांत फरकच थोडा असतो. पण कुंटाळ्याचा धबधबा पावसाळ्यात दाखवला, जिथे पाण्याचा प्रत्येक थेंब हलतो आहे, की चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. पूर्वी अँटेनाच्या काळात वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत. आता मुंग्यांच्या जागी चौकोन आले. म्हणूनच यूट्यूबवर १०८० लिहिलेले दिसले तरी भुलू नये. कोणीतरी व्ही.सी.डी.वरचे नाटक संगणकावर मोठे करून तो आकडा लावलेला असू शकतो. उलट चांगल्या डी.व्ही.डी.चे चित्र आकड्याने लहान असूनही फार दाबलेल्या एच.डी.पेक्षा डोळ्यांना सुखावते.

आपल्या सीमाभागातल्या मराठी घरांसाठी हा प्रश्न थोडा वेगळा आहे. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत छत्रीसेवा सुरू झाली, जिला आज फ्री डिश म्हणतात. महिन्याचे पैसे न भरता सह्याद्री वाहिनी मिळत असल्यामुळे अनेक कुटुंबांना ती सोयीची वाटते. पण तिच्यावरील बहुसंख्य वाहिन्या एस.डी. आहेत. केवळ त्याच बघणाऱ्या घराने ४के टी.व्ही.साठी जादा पैसे मोजणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही. ३२ इंचांचा साधा एच.डी. टी.व्ही. अशा घराला पुरतो, आणि चित्रही त्यावर जास्त नेटके दिसते. पैसे भरून छत्री किंवा केबल घेणाऱ्यांनी मात्र एक चौकशी करावी. झी मराठी आणि स्टार प्रवाह या वाहिन्यांच्या एच.डी. आवृत्त्या २०१६ साली सुरू झाल्या. एस.डी. आणि एच.डी. या दोन स्वतंत्र वाहिन्या असतात, त्यांचे क्रमांक व दर वेगळे असतात. तेलंगणात मिळणाऱ्या तयार संचात साहजिकच तेलुगू वाहिन्यांवर भर असतो. २०१९ साली लागू झालेल्या नियमांप्रमाणे ग्राहकाला हवी ती वाहिनी सुटी निवडता येते. तेव्हा मराठी वाहिनी एच.डी.त हवी असल्यास तसे स्पष्ट सांगून ती मागून घ्यावी.

मागून घेतल्यावरही काहींना फरक दिसत नाही. अशा वेळी टी.व्ही.च्या पाठीमागे पाहावे. पिवळी, पांढरी, लाल अशा तीन तोंडांची वायर असेल, तर तिच्यातल्या पिवळ्या तारेतून एच.डी. चित्र जाऊच शकत नाही. महिन्याला एच.डी.चे पैसे भरायचे आणि बघायचे एस.डी., असा तो व्यवहार होतो. एच.डी.एम.आय. नावाची चपटी तोंडाची वायर लावावी, सेट-टॉप बॉक्सही एच.डी.चा असावा, आणि बॉक्सच्या मांडणीत चित्राचे माप १०८० वर ठेवलेले असावे. साधी वाहिनी बघताना शार्पनेस कमी करावा. तो वाढवला तर तपशील वाढत नाही, चेहऱ्याभोवती पांढरी कड मात्र उमटते.

पडदा केवढा घ्यावा हे बसण्याच्या अंतरावर ठरते. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन वेगळा ओळखता येतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी त्रिकोणमितीने पडताळून पाहावे : याचा अर्थ ठिपक्याच्या उंचीच्या सुमारे ३,४४० पट अंतरापलीकडे तो ठिपका शेजारच्यात मिसळतो. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५३ सें.मी. असते. फुल एच.डी.चा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणून सुमारे पावणेसहा फुटांपलीकडे त्याहून बारीक ठिपके डोळ्याला कळत नाहीत. ४केचा पूर्ण तपशील हवा तर त्याच पडद्यापासून तीन फुटांच्या आत बसावे लागेल! आणि साडेदहा फुटांवर गेल्यास एस.डी.चे ठिपकेही एकमेकांत मिसळतात. म्हणजे ज्या खोलीत खाट पडद्यापासून दहा-बारा फुटांवर आहे तिथे ४३ इंचांत ४के आणि फुल एच.डी. यांतला फरक कोणालाच दिसणार नाही. धुरकट चित्राचा सर्वांत स्वस्त उपाय हाच, की खुर्ची थोडी मागे न्यावी.

वर्गातला हिशेब याच्या उलट चालतो. तिथे चित्रापेक्षा अक्षर महत्त्वाचे. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा तेलंगणात दूरदर्शन यादगिरी व टी-सॅटवरून धडे दाखवले गेले आणि सह्याद्रीवर ‘टिलिमिली’ ही मराठी शालेय मालिका लागत असे. ज्यांनी ते धडे लहान पडद्यावर पाहिले त्यांना फळ्यावरचे लिखाण वाचताना डोळे किती बारीक करावे लागत हे आठवत असेल. डोळे तपासताना वीस फुटांवरून जी सर्वांत बारीक ओळ निरोगी डोळ्याने वाचता यायला हवी, तिची अक्षरे सुमारे ९ मिलिमीटर उंच असतात. ती परीक्षा झाली. रोजच्या वाचनाला, तेही काना-मात्रा-अनुस्वारासह, याच्या तिप्पट तरी हवे. म्हणजे शेवटच्या बाकासाठी अक्षर अडीच सें.मी.चे धरावे. ५५ इंची पडद्याची उंची ६८ सें.मी.; ओळींमधले अंतर सोडून त्यात दहा-बारा ओळी बसतात. ४३ इंचांत आठ-नऊच. तेव्हा विश्वस्त मंडळाने ४के की फुल एच.डी. यावर खल करण्यापेक्षा तेवढ्याच पैशांत पडदा मोठा मिळतो का ते पाहावे, असे आमचे मत आहे. शिक्षकांनी एका पाटीवर दहा ओळींपेक्षा अधिक मजकूर घालू नये. लॅपटॉप जोडल्यावर त्याचे माप टी.व्ही.च्या मापाशी जुळवून घ्यावे. ते जुळले नाही तर नव्या टी.व्ही.वरही अक्षरे पुसट येतात.

शेवटी स्रोताविषयी, कारण पडदा केव्हाही नवा आणता येतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा, ३५ मि.मी. फिल्मवर काढलेला. चांगल्या अवस्थेतल्या अशा फिल्मवर एच.डी.हूनही अधिक तपशील असतो, म्हणूनच नव्वद वर्षांपूर्वीचा चित्रपटही फिल्मवरून नव्याने उतरवला तर आजच्या पडद्यावर शोभतो. आपल्या घरांत २००० नंतरच्या काळात जुने चित्रपट दोन-दोन, तीन-तीन व्ही.सी.डी.वर आले, आणि तो सारा तपशील २८८ ओळींत कोंबला गेला. चित्रपट जुना म्हणून पुसट, असे मुलांना वाटते. पुसट झाली ती प्रत. मूळ फिल्म नष्ट झाली तर मात्र इलाज राहत नाही. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा असाच गेला.

आपल्या शाळेच्या जुन्या स्नेहसंमेलनांची फिल्म कधी नव्हतीच. जे आहे ते व्ही.एच.एस. कॅसेटवर, आणि तिची स्पष्टता आडव्या दिशेने २४० रेषांच्या आसपास. कॅसेटवरून कॅसेट केली असेल तर त्याहून कमी. फितीला बुरशी लागते, चुंबकी थर सुटतो. शिवाय व्ही.सी.आर. बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही २०१६ साली ते काम थांबवले, त्यामुळे चालू स्थितीतले यंत्र मिळणे दरवर्षी अवघड होत आहे. ज्यांच्याकडे अशा कॅसेट आहेत त्यांनी त्या स्टुडिओत देताना ‘७२० बाय ५७६ मध्ये उतरवा’ असे सांगावे, व्ही.सी.डी. करून घेऊ नये, आणि काम झाल्यावर मूळ कॅसेट फेकू नये.

आजच्या स्नेहसंमेलनाचेही तेच होते आहे, फक्त वेगळ्या मार्गाने. पालक फोनवर फुल एच.डी.त नाच टिपतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवतात. वाटेत ते चित्र दाबून लहान केले जाते, फोन बदलला की मूळ पुसले जाते, आणि घराघरांत उरते ती लहान प्रत. पाठवायचेच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, आणि मूळ चित्रण पेन ड्राइव्हवर शाळेत आणून द्यावे. फोन आडवा धरावा, हे सांगायला नकोच.

ज्या माजी विद्यार्थ्यांकडे व पालकांकडे शाळेच्या कार्यक्रमांच्या जुन्या कॅसेट असतील, त्यांनी वर्ष आणि कार्यक्रमाचे नाव चिठ्ठीवर लिहून त्या शाळेच्या कार्यालयात द्याव्यात. आम्ही त्या एकत्र उतरवून घेणार आहोत. कॅसेट ज्याची त्याला परत मिळेल. कॅसेट फिरत नसली, फीत अडकलेली असली तरी आणावी. घरी ओढून पाहू नये.